जऊळक्याचा दगड

हिंगोलीकडून येणारी गाडी जऊळक्याला थांबते न थांबते तोच शिट्टी मारते. येण्याआधी मात्र ती माणसाचा अर्धा जीव घेते. त्या दिवशी मी सकाळीच फलाटावर जाऊन उभी राहिले होते. उभी कसली! फलाट म्हणजे मुरुमाची एक लांबलचक मेर आणि टोकाला एक कडुनिंब. त्या निंबापासून सिग्नलच्या खांबापर्यंत जायचं, रूळ लांबवर जिथं एक होतात तिथं डोळे बारीक करून बघायचं, आणि परत निंबाशी यायचं. वहाणेचा अंगठा तुटायला आला तरी गाडीचा पत्ता नाही.

स्टेशनमास्तर खिडकीतून ओरडले, "ए पोरी, बस नं एका जागी! तुझ्या चकरा पाहून मलाच घेरी येते."

"मंग खिडकी लावून घ्या नं जी," मी म्हटलं.

म्हटलं खरं, आणि माझं मलाच हसू आलं. गेल्या वर्षी मी स्टेशनमास्तरांना असं काही बोलले असते का? गेल्या वर्षी मी पाहुणे आले तरी दाराआड उभी राहायची. वाशीमला आत्याकडे राहून मुलींच्या शाळेत शिकते मी. यंदा शाळेच्या संमेलनात हेडबाईंनी मला ढकलून ढकलून भाषणाला उभं केलं, पहिलं वाक्य मी कसंबसं म्हटलं, आणि त्यानंतर माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ उकंडराव, म्हणतात, पोरीच्या तोंडाचं झाकण वाशीमलाच हरवलं.

आणि आज त्या तोंडाचाच निकाल लागायचा होता. म्हणून तर पाय थांबत नव्हते.

झालं होतं असं, की संक्रांतीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा नाल्याकाठच्या वावरात आमच्या नव्या विहिरीचं काम चाललं होतं. तांड्यावरचा देवला खाली खोदत होता. काळी माती संपली, मुरूम संपला, आणि मग राखेच्या रंगाचा चिकट गाळ लागला. त्या गाळात एक हाड निघालं. हाड म्हणजे केवढं! आमच्या सगळ्यात मोठ्या बैलाचं मांडीचं हाड त्याच्यापुढं कोंबडीचं वाटेल. देवलाची कुदळ त्याच्यावर बसली, हाड मधोमध फुटलं आणि देवला खालून ओरडला, "मालक, याच्या पोटात काच हाये!"

काच नव्हती ती. हाडाच्या पोकळीत लांबट, चपट्या, सुरीच्या पात्यासारख्या कांड्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. आरपार दिसायच्या. वाळूक कापल्यावर बियांभोवती जे पाण्यासारखं, किंचित हिरवं असतं, तसा त्यांचा रंग. कुदळीच्या घावानं त्या कांड्यांच्या दगडाचे दोन तुकडे झाले होते, एक नारळाएवढा आणि एक मुठीएवढा.

मोठेबाबांनी दोन्ही तुकड्यांना हात जोडले आणि विहिरीला पाणी लागेपर्यंत ते ओल्या फडक्यात बांधून मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवायला लावले. "आसरा निंघाल्या," ते म्हणाले.

आमच्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की काठावर साती आसरा बसवतात. पाण्याच्या सात बहिणी. सात दगड मांडून त्यांना तेल-शेंदूर फासायचा. आणि दगड बाहेरचा चालत नाही, त्याच विहिरीच्या पोटातून निघालेला लागतो. त्यामुळे मोठेबाबांचं काही चुकत होतं असं नाही. पण मी त्यातली नखाएवढी एक कपची पोलक्याच्या खिशात टाकून वाशीमला नेली. हेडबाईंनी ती खिडकीत ठेवली. पाण्यासारखी कपची एक-दोन दिवसांत निळी पडली! हेडबाई चक्रावल्या, त्यांनी ती पुडीत बांधून नागपूरच्या अजबखान्यात पाठवली, आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी घरी परतले त्याला दोन दिवस होतात न होतात तोच तिथले वझलवार साहेब आमच्या अंगणात हजर.

साहेब म्हणजे कोणी गोरा नव्हे. उन्हानं करपलेले, चष्मेवाले, बोलता बोलता मातीची ढेकळं उचलून हुंगणारे. त्यांनी ओल्या फडक्यातला मोठा तुकडा मागच्या अंधाऱ्या खोलीत बघितला आणि भिंतीला टेकून बसूनच गेले.

"ह्याला विवियनाइट म्हणतात," ते म्हणाले. "हाडातलं फॉस्फेट आणि गाळातलं लोखंड, दोघं मिळून हजारो वर्षं अंधारात हे घडवतात. अंधारात आहे तोवर पाण्यासारखं. उजेड लागला की आधी हिरवं, मग निळं, मग काळं. आमच्याकडे निळेकाळे तुकडे आहेत, विलायतेहून आलेले. इतका स्वच्छ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय."

"आन् हा नेला तर?" मी विचारलं. "तिथं गावाचं नाव लिहाल?"

"कपाटात मधोमध ठेवू. काळा पडदा लावू, बघणाऱ्यानं क्षणभर उचलायचा आणि सोडायचा. आणि खाली कार्डावर लिहू, जऊळका, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, वऱ्हाड."

मला तर ते कार्ड दिसायलाच लागलं! आमच्या शाळेच्या भिंतीवर हिंदुस्थानचा एवढा मोठा नकाशा आहे, त्यात वाशीम सापडतं ते भिंगातून. जऊळका तर नाहीच. आणि इथं नागपूरच्या अजबखान्यात, काचेच्या कपाटात, मधोमध!

साहेबांना मात्र हिंगोलीकडे दौऱ्यावर जायचं होतं. ह्या उन्हात दगड हिंडवला तर वाटेतच निळा होईल, परतताना अस्तर लावलेला डबा आणतो आणि घेऊन जातो, तोवर ओल्या फडक्यात, अंधारात, वारा-उजेड लागू न देता ठेवा, असं ते म्हणाले. मोठेबाबा तटकन उठले. "विहिरीनं देल्लं थे विहिरीचं. नागपूरले कायले जाईन?"

मी बोलले. मोठ्यांच्या बैठकीत, मोठेबाबांच्या तोंडावर. दगड गावाचं नाव काढेल म्हटलं, मी सांभाळीन म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग बाबा बोलले. माझे बाबा इंद्रभान, ज्यांनी आजवर थोरल्या भावापुढे मान वर केली नव्हती, ते म्हणाले, "दादा, लहान तुकडा आसरेले राहू द्या. मोठा पोरगी म्हनते तसा जाऊ द्या."

मोठेबाबांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरीच्या शब्दावर चालला का तू? बरं. दगड धड गेला तर आपली हे मास्तरीण म्हनन थे खरं. आन् नाई गेला, तर या घरच्या कोन्याच गोष्टीत तिनं तोंड घालायचं नाई. आन् इंद्रभान, तुनंबी नाई."

"कबूल," बाबा म्हणाले. एकच शब्द.

विहिरीला पाणी लागलंच होतं, म्हणून त्या दिवशीच लहान तुकड्याला तेल-शेंदूर फासून काठावरच्या बोरीखाली आणखी सहा दगडांबरोबर आसरा म्हणून मांडलं. मोठेबाबांनी शेंदूर असा चोपडला, असा चोपडला, की दगड होता का पेढ्याचा गोळा होता ते ओळखू येईना. आणि मोठा तुकडा मी फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत पार तळाशी खुपसला. रोज पहाटे हात घालून फडकं ओलं करायचं. बघायला कोणी आलं तर सरळ सांगायचं, दिसत नाही. माय म्हणाली, "लेकराले पाह्यले आलेल्या बायाइले कोनी असं वापस लावते का वं?" पण मी नाही म्हणजे नाही. लपवल्यापासून मी स्वतः पाहिला नाही, त्यांना काय दाखवू? रात्री हात शिवशिवायचे. वाटायचं, एकदा, एकदाच फडक्याचं टोक उचलावं. नाही उचललं. तिकडं रामनवमीला देवला पोहरादेवीच्या यात्रेला गेला, विहिरीचं काम थांबलं, घरात सगळं शांत झालं आणि मी एकटी तेवढी माशीसारखी इकडून तिकडं, तिकडून इकडं.

तर अशी ती सकाळ. गाडी आली एकदाची. वझलवार साहेब हातात पत्र्याचा डबा घेऊन उतरले. आत काळं मखमलीचं अस्तर होतं. ते बघून मी इतकी खूश झाले की साहेबांच्या पुढं पुढं जवळजवळ पळतच निघाले.

"हळू चल गं," साहेब मागून म्हणाले. "दगड काही पळून जात नाही."

"त्याचा काई भरवसा नाई जी!"

खरंच नव्हता.

अंगणात आलो तर बाजेवर पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर मुंगवड्या वाळत घातलेल्या, ओळीनं, आणि मुंगवड्यांच्या मधोमध आमचा दगड. वर चैत्राचं भर ऊन.

मोठीमाय बाजूला बसून कावळे हाकत होती. मोठीमाय म्हणजे मोठेबाबांची बायको, प्रयागबाई. ती आठ-पंधरा दिवस मेडशीला माहेरी गेली होती आणि मी स्टेशनवर गेल्यावर बैलांच्या दमणीतून परत आली होती. साहेब काय बोलले, दगडाचं काय ठरलं, तिला काहीच माहीत नव्हतं, आणि सांगायला माय घरात नव्हती, नाल्यावर धुण्याला गेली होती.

"आली का वं कस्तुरा!" ती हसून म्हणाली. "अवो, कनगीत ओलं चिरगुट कोनं खुपसलं होतं? ज्वारी काढ्याले हात घातला तं वास! म्या म्हटलं बुरसी लागन सारी ज्वारीले. चिरगुट धुतलं, आन् थो दगड उन्हात घातला. ओल होती नं त्याच्यात लई. आता पाहा कसा खडखडीत वायला!"

आमच्याकडे ओल लागलेल्या कुठल्याही वस्तूला एकच औषध. गोधडी असो, डाळ असो, लोणच्याची बरणी असो, ऊन दाखवा. मोठीमायनं दगडालाही दाखवलं. जपूनच दाखवलं, मुंगवड्यांसारखं, दर घडीला कूस बदलून, म्हणजे कुठली बाजू सुटली असंही नाही.

दगड निळाकाळा झाला होता. कावळ्याच्या पंखावर ऊन पडल्यावर चमकतो तसा.

साहेबांनी तो उचलला, फिरवला, परत धोतरावर ठेवला. डबा जमिनीवर टेकवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"किती वेळ झाला उन्हात?" त्यांनी विचारलं.

"न्याहारीपासून हाये जी," मोठीमाय आनंदानं म्हणाली. मग आमची तोंडं बघून तिचा आवाज खाली आला. "काहून? काई झालं का?"

बाबा गोठ्यातून आले. त्यांनी दगड बघितला. खांद्यावरचा शेला काढून हातात घेतला आणि पिळत राहिले. शेला कोरडा होता.

मोठेबाबाही आले. मला वाटलं होतं ते हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. ते दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, "साहेब, चहा घ्या. इंद्रभान, साहेबाले बसाले घोंगडं टाक." झालं. लागला निकाल. बाबांनी मुकाट्यानं घोंगडी आणून अंथरली.

"नेतो मी हा," साहेब हळूच म्हणाले, "निळा तर निळा. पेटीत राहील इतरांबरोबर."

"आन् कार्ड?"

"असे आहेत गं आमच्याकडे. कपाटात जागा नाही मिळायची."

मी तोंड उघडलं, मोठेबाबांनी अडकित्ता थांबवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं. मी तिथून पळाले.

कुठं पळाले तर विहिरीवर. का ते मलाही माहीत नव्हतं. आसरांशी भांडायला म्हणा. ऊन असं की बोरीच्या पानांची सावलीही पातळ झाली होती. खाली विहिरीत गढूळ पाणी चमकत होतं. सात शेंदरी दगड ओळीनं बसले होते, समोर वाळलेली झेंडूची फुलं, आणि कोणाची तरी एक शेळी सातव्या आसरेचं तेल मन लावून चाटत होती.

"हाऽऽट!" मी वहाण फेकली. शेळी उडाली, जाता जाता तिचा खूर त्या सातवीला लागला आणि ती कलंडली. तीच ती, मुठीएवढी, हाडाच्या पोटची धाकटी.

मी तिला सरळ करायला वाकले. उन्हानं तेल सुकून शेंदराला भेगा गेल्या होत्या. खुराच्या धक्क्यानं त्यातली एक खपली, चिंचोक्याएवढी, गळून पडली. आणि त्या भोकातून मला दिसलं.

पाणी.

म्हणजे दगडच, पण पाण्यासारखा. संक्रांतीच्या सुट्टीत होता तसाच्या तसा. वाळकाच्या बियांभोवतीचं पाणी. आत खोल, पलीकडच्या शेंदराची लाली झिरपत होती, जशी पणतीपुढं धरलेल्या बोटांतून झिरपते तशी.

किती वेळ बघितलं असेल? पापणी लवली नसेल तोवर मी भोकावर हात दाबला. दोन्ही हात दाबले. इतकी धडधड होत होती की वाटलं दगडाचीच धडधड हातात येतेय. शेंदूर! मोठेबाबांनी गोळाच्या गोळा फासलेला शेंदूर! त्यातून उजेडाचा कणसुद्धा आत गेला नव्हता. मी कणगीत, फडक्यात, ज्वारीत लपवला तो वाया गेला, आणि हा भर उन्हात उघड्यावर बसून राहिला.

आता हात काढायचा कसा? मी काढलाच नाही. पडलेली खपली पुन्हा भोकावर बसवली, वर पदर गुंडाळला, तिथंच फतकल मारून बसले आणि गळा काढला. "बाबाऽऽ! साहेबऽऽ! मोठेबाबाऽऽ!"

मला विंचू चावला असं समजून सगळं घर पळत आलं. मोठीमायच्या हातात तर कावळे हाकायची काडी तशीच होती.

"ही पानीच हाये अजून," मी म्हटलं. "काळी नाई झाली. शेंदरानं झाकली म्हनून. म्या पाह्यलं."

"दाखव," मोठेबाबा म्हणाले.

"नाई."

"काय म्हनली?"

"दाखवली का खराब होते जी. म्हनून नाई दाखवत. माह्या शब्दावर घ्या."

मोठेबाबांच्या मिशा थरथरल्या. "सकाळपासून तुह्या शब्दाचं काय झालं थे बाजेवर वायून राह्यलं, आन् आता..."

"म्या घेतला," बाबा म्हणाले. "शब्द. म्या घेतला तिचा."

मग साहेब खाकरले. "शब्द मलाही मान्य आहे. पण मला सरकारला उत्तर द्यावं लागतं, मला बघावं लागेल. ती घोंगडी आणा."

बाबांनी घोंगडी आणली. ती माझ्या आणि साहेबांच्या डोक्यावरून घातली, कडा जमिनीवर मोठेबाबांनी आणि बाबांनी पाय देऊन दाबल्या. आत काळोख, उकाडा आणि लोकरीचा वास. मी पदर काढला, खपली बाजूला केली. साहेबांनी आगकाडी ओढली. क्षणभर तो दगड आतून पेटला. साहेब श्वासच घ्यायचे विसरले. काडी त्यांच्या बोटापर्यंत आली, "आई गं!" म्हणून त्यांनी ती टाकली, आणि बाहेरून मोठीमाय किंचाळली, "अवो, आत जयते का काय!"

साहेब घोंगडीतून बाहेर आले. चष्म्यावर वाफ होती. "आहे," ते म्हणाले. "आहे हो, आहे!" आणि त्यांनी बाबांचा हात धरून हालवला, जसं काय बाबांनीच तो आत बसून घडवला होता.

"म्याबी पाह्यतो," मोठेबाबा म्हणाले. पगडी काढून ठेवून ते माझ्या शेजारी घोंगडीत घुसले. दुसरी काडी पेटली. मी दगडाकडे बघायच्या ऐवजी त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. मोठेबाबांचं तोंड अगदी लहान मुलासारखं उघडं पडलं होतं.

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी पगडी घट्ट बसवली. "आता तं मी देतच नाई," ते म्हणाले. "हे साधा दगड होय का? हे खरंच आसरा हाये. आन् बसवलेली आसरा उठवली तं सातीच्या साहा होतील. विहीर कोरडी पडन."

झालं! माझ्या पायांना पुन्हा मुंग्या. साहेबांची परतीची गाडी दुपारची. बोलू की नको? बोलायचं नाही असा तर निकाल लागला होता. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी डोळ्यांनीच म्हटलं, बोल.

"मोठेबाबा," मी म्हटलं, "तुमी शेंदूर लावला म्हनून हे वाचली. म्या लपवली थे गेली, आन् तुमी झाकली थे राह्यली. तुमचंच खरं झालं. पन आता पाहा, तेल वाळलं, भेगा गेल्या. शेळी चाटून राह्यली. आज खपली पडली, उद्या आनखीन पडन. पोळ्यापर्यंत हेबी तिच्या बहिनीसारखी काळी होईन. तिथं डब्यात, पडद्यात राहीन."

मोठेबाबा सुपारी चघळत राहिले.

तेवढ्यात मोठीमाय पुढं आली. तिचे डोळे पुसून पुसून लाल झाले होते. वाटेत मायनं तिला सगळं सांगितलं होतं. मोठीमाय कधी मोठेबाबांशी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोलली, तीही बोरीच्या झाडाकडे बघून. "म्या एक काळी केली. माह्या हातून झालं. दुसरीबी आमच्याच दारी काळी व्हावी का जी? पोरगी नांदाले जाते तं आपन तिले घरात कोंडून ठेवतो का?" मग थोडं थांबून म्हणाली, "आन् सातीच्या साहा कायले होतील? थे मोठी हाये नं बाजेवर. तीबी याच विहिरीची. सख्खी बहीन. तिले बसवा हिच्या जागी. शेंदूर लावला का कोन काळी आन् कोन गोरी, कोनाले दिसते?"

बाबा आधी हसले. मग साहेब. मोठेबाबांनी हसू दाबायला मिशी ओढली, पण ती पुरली नाही.

"ठीक हाये," ते म्हणाले. "पन एक अट. हिचा शेंदूर कोनी पुसायचा नाई. अजबखाना असो का लाटसाहेबाचा बंगला असो. आसरा शेंदरातच राहीन."

"पुसू?" साहेब म्हणाले. "अहो, पुसायला माझं डोकं फिरलं नाही. जगात कुठल्याच अजबखान्याला ह्याच्याइतकं चांगलं वेष्टण सुचलेलं नाही. चिंचोक्याएवढी ही खिडकी तेवढी राहू द्या, तिच्यावर पडदा लावतो."

"आन् दर साली तेल-शेंदूर चढवावा लागन. भेगा पडतात."

"चढवायला कोण येणार?"

मोठेबाबांनी मानेनं माझ्याकडे खूण केली. "हे येईन. नागपूरले येनंजानं होईन तं आनखी चार बुकं शिकन, दुसरं काय. तसंबी तिच्या तोंडाले झाकन नाई, तिथं तरी कामी पडन." आणि मग माझ्यावरच खेकसले, "आता काहून गप झाली, मास्तरीण? बोल नं! सकाळपासून तं चक्की चालू होती."

मला काही बोलताच येईना. खरंच! शप्पथ सांगते, पहिल्यांदा.

मग जी धावपळ! धाकटीच्या खपल्यांवर ताजा शेंदूर मोठेबाबांनी स्वतः लावला. खिडकीवर साहेबांनी काळ्या मखमलीची चिंधी ठेवली. मोठीमायनं डब्यात तिच्याबरोबर हळदकुंकवाची पुडी आणि मूठभर मुंगवड्या घातल्या. साहेब मुंगवड्या काढायला लागले तर म्हणाली, "राहू द्या जी, लांबचा रस्ता हाये." इकडे काळी बहीण बाजेवरून उठून बोरीखाली आली. तिला शेंदूर फासताना बाबा आणि मोठेबाबा दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसले होते, एकाच वाटीत बोटं बुडवत, एकमेकांना "अठी राह्यलं पाहा", "अठीबी" असं सांगत. मला त्यांच्याकडे बघत उभं राहावंसं वाटत होतं, आणि गाडीही चुकू द्यायची नव्हती.

स्टेशनवर मी, बाबा आणि साहेब. डबा बाबांच्या काखेत. ह्या वेळी गाडी आली पण अशी लवकर, की माझ्या दोन चकरासुद्धा झाल्या नाहीत. साहेब दारात उभे राहून म्हणाले, "कार्डावर गाव लिहितो, जिल्हा लिहितो. रंग काय लिहू गं? बाहेरून बघणाऱ्याला शेंदरी दिसणार."

"जो हाये थोच लिहा जी. पान्यावानी."

गाडी हलली. डबा गेला. मास्तर खिडकीतून म्हणाले, "बस आता तरी एका जागी," आणि मी त्यांना जीभ दाखवली. बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

घराकडे येताना नाल्याच्या उतारावर मला एकदम आठवलं. "बाबा, घोंगडीत साहेब आले, मोठेबाबा आले. तुमी काहून नाई पाह्यलं? एक काडी आनखी पेटवली असती तं काई बिघडलं नसतं."

"तुनं पाह्यलं नं," बाबा म्हणाले, आणि खांद्यावरचा शेला नीट करून चालायला लागले.

पण मला कुठं गप्प राहवतं! समोरून देवला येत होता, पोहरादेवीहून परतलेला, कपाळाला अबीर लागलेला. उद्यापासून पुन्हा खोदायचं का, असं तो बाबांना विचारायला लागला. गाळाच्या खाली अजून काय असेल? त्या हाडाचं उरलेलं जनावर? त्याचं डोकं? त्याच्या डोळ्यांच्या खोबण्यांत काय घडलं असेल इतकी हजारो वर्षं? मी बाबांचा शेला ओढला.

"बाबा, उद्या कायले? अजून दिवस हाये नं. आताच चाला की विहिरीवर!"